मापाची वही

गुणवंतानं दारव्ह्याच्या स्टँडवरून आणला पिवळा कागद:
घसरगुंड्या निळ्या, पाणी त्याहून निळं,
आणि पार खाली, टाचणीच्या टोकाएवढ्या अक्षरांत,
सुती कपड्यांनी पाण्यात उतरता येणार नाही.
घरचं खाणं आत नेता येणार नाही.
मोठ्या घसरगुंडीला उंची चार फूट.

मी तीनदा वाचलं.
सुईत दोरा ओवणारीला
बारीक अक्षरांचं भय नसतं.

लग्नसराईचे बेचाळीस ब्लाऊज,
त्यातले सहा उधार.
बाकीचं बॉबिनच्या डब्यात, रबर लावून.
यष्टीत माझं तिकीट अर्धं, आचलचं अर्धं, वंशचं अर्धं;
पूर्ण फक्त गुणवंताचं,
म्हणून दोन दिवस तो जरा ऐटीतच.

तारीख पंचांगानं नाही, नळानं काढली.
आठला पाणी येईल, मग थेट चौदाला,
तेही रात्री दोन वाजता.
म्हणजे जायचं ते मधल्या पाच दिवसांत,
पिपे भरून, झाकणावर दगड ठेवून.
कूलरमध्ये बादली टाकेल शेजारची पुष्पकला,
बदल्यात दोन साड्यांना फॉल-पिको.

सासरे म्हणाले,
"पाणी पाहाले पैसे देता? कमाल हाय तुमची."
मग रात्री, अंगणात, बाजेवरून, हळूच:
"थ्या लाटा कायनं उठोतात गा?
इंजन लावते का खालून?"
गुणवंत म्हणाला, "तुमीच चाला ना पाहाले."
त्यांनी कूस बदलली.
बराच वेळ बाज करकरत राहिली.

वंश तीन फूट साडेअकरा.
दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या सात रेघा,
सातही एकाच जागी, एकीवर एक.
रोज संध्याकाळी कडुलिंबाच्या फांदीला लोंबकळतो,
मग येऊन टाचा उचलतो.
मी त्याच्या पायावर हात ठेवते.
माझा टेप नवरीसाठीही ढिला झाला नाही, बापू,
तुझ्यासाठी कसा होईल?
पण बुटाचा तळवा अर्धा इंच असतो,
हे मी त्याला सांगून ठेवलं आहे.

कबड्डीच्या पोरांच्या जर्शीचं कापड उरलं होतं,
सरकतं, चकाकतं, पाणी न धरणारं.
त्यात वंशची चड्डी बसली,
मागं अर्धा सात आला.
आचलचं पूर्ण अंगाचं, गुडघ्यापर्यंत, जांभळं.
गुणवंत म्हणे, "मी काठावरच बसीन,"
आणि दुसऱ्या दिवशी,
"इलास्टिक जरा नरम टाकजो."

मी काय घालणार,
हे कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

वहीत अख्खं गाव आहे:
सरपंचीणबाईंचा खांदा, मॅडमची बाही,
तीन पिढ्यांच्या नवऱ्या,
दोघी गेल्या, त्यांचीही पानं फाडली नाहीत.
माझं पान नाही.
माझा ब्लाऊज मी जुन्यावर ठेवून कापते,
तो त्याच्याआधीच्या जुन्यावर कापलेला,
सगळ्यात पहिला कुणाच्या मापाचा होता
आता आठवतही नाही.

आचलनं माझ्या गळ्यातला टेप ओढून घेतला.
"हात वर कर. सरळ उभी राय ना, माय."
किती जणींना मी हेच म्हटलं असेल.
हात वर केल्यावर
ते कुठं ठेवायचे असतात, कळेना.
टेप माझ्याच मानेच्या घामानं ओला.
ती आकडे मोठ्यानं वाचत होती,
मी म्हटलं, हळू वाच.

पुष्पकलाच्या खाली तिनं नवं पान काढलं.
वर लिहिलं: माय.
पेन्सिल दातात धरून विचारलं,
"बाही किती?"
"मनगटापर्यंत," मी म्हटलं.
लाइट गेली. पंखा फिरत फिरत थांबला.
अंधारात उन्हाचा वास तसाच.
"कोपरापर्यंत टाक," म्हटलं.
"लिहून तं ठेव.
कापताना पाहू."